दहा जणींचं अंदाजपत्रक

समजा, उद्या सकाळी तुम्हाला कुणी सांगितलं, की हे तीन लाख रुपये घ्या आणि यात चौदा वर्षांखालच्या मुलींची बास्केटबॉलची लीग उभी करा. संघ आठ. तीन बीड शहरातले, पाच बाहेरगावचे. ऑगस्ट ते जानेवारी या काळातले सात रविवार, प्रत्येक संघानं प्रत्येकाशी एकदा खेळायचं. आता कागद घ्या आणि खर्च मांडा. पहिल्या ओळीत काय लिहाल? बहुतेक जण चेंडू लिहितात. मग जाळी, शिट्ट्या, पंचांचं मानधन. पण चेंडू सोळा आणले काय न् वीस आणले काय, फार बिघडत नाही. खरी ओळ वेगळीच आहे. एका संघात मुली किती? हा आकडा एकदा लिहिला की बूट, जर्सी, विमा, केळी, गाडीतल्या जागा, सगळं त्याच्या मागं मुकाट चालत येतं. तुम्ही किती लिहाल?

विरुपाक्षनं आधी बारा लिहिलं होतं. मैदानात पाच आणि बाकावर सात, नियमाप्रमाणे.

विरुपाक्ष अठ्ठावीस वर्षांचा. बीडच्या बाजारात त्याच्या वडिलांचं भांड्यांचं दुकान आहे. तो स्वतः संभाजीनगरला इंजिनिअरिंग करून आला, आता एका क्लासमध्ये मुलांना कॉम्प्युटर शिकवतो आणि संध्याकाळी दुकानात बसतो. कॉलेजमध्ये तो चार वर्षं बास्केटबॉलच्या संघात होता, त्यातली अडीच वर्षं बाकावर. बाराव्या नंबरचा खेळाडू. पण बाकावर बसायला का होईना, रोज पहाटे उठून जायला मिळायचं, त्या दिवसांइतकं सुख त्याला नंतर कशात मिळालं नाही, असं तो अजून सांगतो. म्हणूनच मोहनरावांनी हाक मारली तेव्हा तो धावत गेला.

मोहनराव म्हणजे शाळेतून निवृत्त झालेले खेळाचे शिक्षक. लीगची कल्पना त्यांची, पैसे त्यांच्या एका जुन्या विद्यार्थ्याचे. तो आता पुण्यात मोठा माणूस झाला होता. मोहनरावांच्या ओसरीवर लॅपटॉप मांडीवर घेऊन विरुपाक्षनं बेरीज दाखवली.

"तीन लाख एकेचाळीस हजार, सर."

"देणारा तीनच देणार हाय," मोहनराव म्हणाले. "शाळेत असताना मी त्याला छड्या मारल्यात, तरी तीन देतोय हे नशीब समज. काढ कुठंतरी एक्केचाळीस."

"सत्काराचे बावीस हजार आहेत. मंडप, शाली, फेटे, मोठे चषक. तिथं जरा..."

"त्याला हात लावू नको. शाल न्हाई मिळाली तर पाहुणा दोन वर्षं डोक्यात ठेवतो. पुढच्या वर्षी मग शाळेला पंखा बी देणार न्हाई कुणी."

विरुपाक्ष पुन्हा आकड्यांकडं वळला. बाहेरगावच्या संघांना आणायला क्रूझर लागणार. क्रूझरच्या कागदावर चालक सोडून बारा जागा. एक शिक्षिका, मुलींसोबत एक पालक बाई, म्हणजे मुलींना उरल्या दहा. बारा मुली आणायच्या तर मोठी गाडी हवी, ती दर फेरीला पाचशेनं महाग. त्यानं पहिल्या ओळीतला आकडा खोडून दहा टाकला. एकाच खान्यातला बदल. खालचे सगळे आकडे क्षणभर थरथरले आणि नव्या जागी बसले. आठ संघांतल्या सोळा मुली कमी, प्रत्येकी अठराशे सत्तर रुपये. गाडीचे साडेसतरा हजार वेगळेच. बेरीज आली दोन लाख त्र्याण्णव हजार पाचशे ऐंशी. आणि यात अडीअडचणीसाठी बाजूला ठेवलेले पंधरा हजारही तसेच शाबूत होते.

"काय जादू केलीस बे?" मोहनरावांनी चष्मा वर केला.

जादू बिदू काही नाही, असं विरुपाक्ष म्हणाला, पण आतून फुलून गेला. त्याच्या हातून जमलेली ही पहिली मोठी गोष्ट होती.

दुसऱ्या दिवशी लिंबागणेशहून सुरेखा मॅडमचा फोन आला. त्या तिथल्या शाळेत शिकवतात. शाळेच्या आवारात त्यांनी गेट-ग्रिल बनवणाऱ्याकडून दोन रिंगा करून घेतल्या होत्या आणि मे महिन्याच्या सुट्टीपासून मुलींना खेळवत होत्या.

"सर, दहाच का? माझ्याकडं बरोबर बारा आहेत. सकाळी साडेसहाला येऊन उभ्या राहतात, शाळा सुटल्यावर पुन्हा. दोघींना काय सांगू?"

"मॅडम, क्रूझरमध्ये बसत नाहीत."

"आमच्याकडच्या क्रूझरमध्ये अठरा बसतात, सर. टपावर दोन शेळ्या वेगळ्या."

"विम्यात ते चालत नाही, मॅडम. काही झालं तर तुमच्यावरच येईल."

मग त्या म्हणाल्या, "बरं. मग कोणत्या दोघी कमी करू, तेवढं तरी तुम्हीच सांगा. मला नाही जमणार."

हे विरुपाक्षला पटलं. मुली निवडायचं ओझं बाईंवर टाकणं बरं नव्हे. कुणाची पुतणी, कुणाची भाची, गावात उगीच चर्चा. नियम असा हवा, की त्यात माणसाचं मत नको. रात्रीपर्यंत त्यानं नोंदणीच्या फॉर्मात एक रकाना वाढवला: ‘स्पर्धा संपेपर्यंत, म्हणजे जानेवारीअखेर, खेळाडू गावात असेल काय? हो / नाही.’ दहापेक्षा जास्त मुली असतील तिथं ‘नाही’वाल्या आधी कमी करायच्या. अर्ध्यातून कुणी निघून गेली तर संघ मोडतो, बूट वाया जातात, हे कुणालाही समजेल. तारखा ठरवताना त्यानं गणपती बघितले, सहामाही परीक्षा बघितली, दिवाळीची सुट्टी बघितली. सगळं जमवून आणलं होतं.

सुरेखा मॅडमनी त्यावर व्हॉट्सअ‍ॅपवर एक लांबलचक निरोप टाकला होता. क्लास चालू होता. त्यानं त्यातल्या पहिल्या दोन ओळी वाचल्या आणि उत्तर दिलं, "मॅडम, नियम सर्वांना सारखा," आणि पुढं हात जोडल्याचं चित्र टाकलं.

लीग झाली. छान झाली. लिंबागणेशच्या मुली तिसऱ्या आल्या. शेवटच्या रविवारी मंडप उभा राहिला, फेटे बांधले गेले, पाहुण्यांनी पोरींपेक्षा जास्त वेळ भाषणं केली. अडीअडचणीच्या पंधरा हजारांतले फक्त आठशे रुपये एका रिंगेच्या वेल्डिंगला गेले होते. उरलेले चौदा हजार दोनशे आणि तीन लाखांतले न लागलेले सहा हजार चारशे वीस विरुपाक्षनं पावतीसकट पुण्याला परत पाठवले. देणाऱ्या माणसानं लीगच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर लिहिलं, असा चोख माणूस मी आयुष्यात पहिल्यांदा बघितला. विरुपाक्षनं तो निरोप वडिलांना दाखवला. वडील गिऱ्हाइकाला डबा दाखवत होते, तरी त्यांनी हातातलं काम सोडून तो दोनदा वाचला.

चार दिवसांनी तो मोटारसायकलवर लिंबागणेशला गेला. संघाचा मोठा फोटो द्यायचा होता आणि एक चेंडू शाळेला भेट द्यायचा होता. सुरेखा मॅडमबरोबर तो व्हरांड्यात बोलत उभा होता, तेवढ्यात एक म्हातारी काठी टेकत पायऱ्या चढून आली. तिनं त्याच्याकडं तोंड केलं, पण नजर त्याच्या खांद्याच्या जरा बाजूला लागली होती.

"यादीवालं सर तुमीच का?"

"कसली यादी, आजी?"

"पोरींच्या खेळाची. माझ्या नातीचं नाव घाला म्हनावं पुढच्या साली. करिष्मा म्हनतेत तिला."

"ह्या मंजुळाबाई," सुरेखा मॅडम खालच्या आवाजात म्हणाल्या. "बसा, आजी, बसा."

म्हातारी बसली नाही. "म्या पोराला म्हनले होते, रामेश्वर, ही पोर हितं राहू दे. ती खेळात हाय. तर त्यो म्हनला, माय, साळा चारला सुटती. मोठी होत चालली पोर. चारच्या पुढं तिला कोन बगल? तुला तर समोरचा मानूस दिसत न्हाई. म्या म्हनले, मॅडम सहापस्तोर खेळवतेत, घरापस्तोर आनून सोडतेत, मग रातच्याला मी हायच की. त्याला बी पटलं. म्हनला, यादीत नाव लागू दे, ठिवतो. दोन म्हैने रोज इचारत व्हती पोर, नाव लागलं का म्हनून. न्हाई लागलं. दसरा झाला आन् टरक आला, गेली मायबापासंगं ऊसाला."

विरुपाक्षनं हातातला चेंडू खाली ठेवला.

"तेवढं सांगा सर, कावून न्हाई लागलं नाव? पोर चांगली खेळत न्हवती का?"

"चांगली खेळायची की, आजी," तो म्हणाला. त्यानं तिला कधी बघितलंही नव्हतं.

"मग?"

त्यानं सुरेखा मॅडमकडं बघितलं. त्या हातातल्या फोटोकडं बघत होत्या. व्हरांड्यात दुसरं कुणी नव्हतं, आणि म्हातारी वाट बघत उभी होती.

"ते वरून ठरतं, आजी."

"वरून म्हंजी, बीडहून?"

"हो."

"अस्सं." तिनं मान हलवली. "तितं बसून त्या मान्साला तरी काय कळनार म्हना. त्याचा काय दोस." आणि ती काठीनं पायरी चाचपत खाली उतरली.

ती फाटकाबाहेर जाईपर्यंत दोघंही उभी होती. मग सुरेखा मॅडमनी ऑफिसात जाऊन कपाटातून फॉर्मांचा गठ्ठा आणला. करिष्माच्या फॉर्मावर खाली मंजुळाबाईंचा निळा अंगठा होता. वरच्या रकान्यात ‘नाही’ला गोल केलेला.

"गोल मीच केलाय, सर. आई-बाप दसऱ्यानंतर निघणार हे मला माहीत होतं. दुसरी मुलगी कमी केली तीसुद्धा ऊसतोडीच्याच घरची. नाव लागलं तर ही राहील, असं लिहायला तुमच्या फॉर्मात जागा नव्हती. मी काय लिहिणार?"

"मॅडम, मला एकदा सांगायचं तरी."

"सांगितलं होतं की. एवढा मोठा निरोप टाकला होता."

तो निरोप विरुपाक्षनं तिथंच, मोटारसायकलला टेकून, पहिल्यांदा पूर्ण वाचला. तिसऱ्या ओळीपासून पुढं सगळी करिष्माच होती. ती डाव्या हातानं चेंडू मारते हे होतं, आजी ठेवून घ्यायला तयार आहे हे होतं, बापानं घातलेली अट होती. खाली त्याचं उत्तर. नियम सर्वांना सारखा. आणि ते जोडलेले हात.

परत येताना मांजरसुंब्याच्या घाटात त्यानं गाडी बाजूला घेतली. कॉम्प्युटरवर हिशेब मांडताना एक चूक होते, ती तो क्लासमध्ये दरवर्षी मुलांना शिकवतो. पहिला खाना दुसऱ्याकडून उत्तर मागतो आणि दुसरा पहिल्याकडून. मशीन लगेच थांबतं आणि सांगतं, की हे असं गोल गोल फिरत राहील, दुरुस्त करा. त्याच्या नियमात तेच झालं होतं. जी राहणार तिचंच नाव लागणार होतं, आणि करिष्मा नाव लागलं तरच राहणार होती. फक्त इथं मशीन नव्हतं, कागद होता, आणि कागदानं काही हटकलं नाही. हटकलं होतं ते एका बाईनं, तर त्यानं तिला हात जोडले.

पण याहून जास्त त्याला दुसरीच गोष्ट टोचत होती. आपण शहरातलं पोरगं, आपल्याला ऊसतोड कुठली ठाऊक, असं म्हणायची सोयसुद्धा त्याला नव्हती. दसऱ्याच्या आधीचे पंधरा दिवस त्यांच्या दुकानात पाय ठेवायला जागा नसते. उसाला जाणारी माणसं जर्मनची, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमची, पातेली घेतात, तवा घेतात, परात घेतात, पाण्याला हंडे घेतात. वडील श्रावणापासूनच माल भरून ठेवतात. यंदाही विरुपाक्षनंच संध्याकाळी बसून दोरीनं भांड्यांच्या थप्प्या बांधून दिल्या होत्या. किती जण जाणार, कधी जाणार, पोरंबाळं घेऊन जाणार, सगळं त्याला तोंडपाठ होतं. दुकानाच्या गल्ल्यावर बसून माहीत असलेली गोष्ट लॅपटॉपसमोर बसल्यावर त्याला आठवली नव्हती.

फेब्रुवारीत पुढच्या वर्षाचं अंदाजपत्रक करायची वेळ आली. विरुपाक्षनं पहिल्या ओळीत बारा लिहिलं, तो रकाना काढून टाकला आणि सत्काराच्या बावीस हजारांवर काट मारली. मोहनराव भडकले.

"शाल काढली? मग पाहुण्याला काय देणार, केळं?"

"हो सर. पोरींना देतो तेच."

"तुला झालंय काय?"

विरुपाक्षनं सगळं सांगितलं, ‘वरून ठरतं’ म्हणालो त्याच्यासकट. मोहनरावांनी मिशा चोळल्या.

"अरे, पोरगी गेली ती तिच्या मायबापाबरोबर गेली. तू काय टरकात बसवलंस का तिला? इतक्या वर्षांत माझ्या हातून किती पोरं सुटली, मोजायला बसलो तर खाटेवरून उठणार न्हाई मी."

"तुम्हाला आठवतात का ती?"

"एखादं आठवतं," मोहनराव म्हणाले आणि अंदाजपत्रकावर सही केली. तीन शाली तेवढ्या त्यांनी परत घालायला लावल्या. पैसे तरी अपुरेच पडत होते, म्हणून पंधरा हजारांचे पाच झाले, चेंडू आणि जाळी मागच्या वर्षीचीच वापरायची ठरली, वडिलांनी दुकानातून छोटे चषक परवडेल त्या भावात द्यायचं कबूल केलं, आणि कसंबसं जमलं.

एप्रिलमध्ये ऊसतोडीची घरं परत आली तसा विरुपाक्ष लिंबागणेशला गेला. त्याला मंजुळाबाईंना खरं सांगायचं होतं आणि त्याच दमात चांगली बातमीही द्यायची होती. चांगली बातमी बरोबर असली की खरं सांगणं सोपं जाईल, असा त्याचा हिशेब होता.

घरासमोर एक उंच मुलगी ताडपत्री पसरून घासत होती. सहा महिने त्यांच्या कोपीवर, उसाच्या फडातल्या झोपडीवर, होती ती ताडपत्री, चिखलानं आणि धुरानं काळी झालेली. त्यानं नाव विचारलं. करिष्माच होती.

"मी बीडच्या लीगचा," तो म्हणाला. "पुढच्या वर्षी बारा मुली घेणार आहोत. तुझं नाव पहिलं."

तिनं ब्रश थांबवला. "चौदाच्या आतल्याच पोरींची हाय ना ती?"

"हो."

"मला जानेवारीत चौदा झाले, सर. तिकडं होतो तवाच."

ती हे सांगून पुन्हा घासायला लागली. तक्रार म्हणून तिनं सांगितलंच नव्हतं. वयाची अट त्यानंच लिहिली होती, एक ऑगस्टला चौदा पूर्ण नसावीत. करिष्माला खेळायला एकच वर्ष होतं, आणि ते गेलं होतं.

आवाज ऐकून मंजुळाबाई दारात आली, तिच्यामागून रामेश्वर, बनियनवर, हाताला फडकं गुंडाळलेलं. विरुपाक्षला बसायला पोतं टाकलं गेलं. तो बसला नाही.

"आजी, त्या दिवशी मी खोटं बोललो. ते वरून ठरलं नव्हतं. दहाचा आकडा मी लिहिला होता. गावात राहणार का, हे विचारणारा रकानाही माझाच. मॅडमनी कळवलं होतं, मी वाचलं नाही."

म्हातारीचा हात दाराच्या चौकटीवर तसाच राहिला. रामेश्वरनं आत बघून चहा टाकायला सांगितलं.

"राहू द्या चहा," विरुपाक्ष म्हणाला. "मला एकच सांगा, दादा. नाव लागलं असतं, तर तुम्ही खरंच ठेवलं असतं का हिला?"

रामेश्वर फडक्याची गाठ सोडून पुन्हा बांधत राहिला. ताडपत्रीवरचा ब्रशचा आवाज थांबला होता.

"तवा इचारायचं व्हतं, सर. आता मी व्हय म्हनलो तर तुमाला लागंल. न्हाई म्हनलो तर हिला लागंल. कावून बोलायला लावता?"

"माझं राहू द्या. मला लागलं तर लागू द्या."

"च्या घ्या," रामेश्वर म्हणाला.

चहा आला. विरुपाक्षनं तो उभ्यानंच घेतला. करिष्मानं दोन बादल्या पाणी ओतलं, ताडपत्रीचं एक टोक बापाच्या हातात दिलं, दुसरं स्वतः धरलं, आणि दोघांनी मिळून ती दोरीवर टाकली. जाताना विरुपाक्ष शाळेवरून गेला. मॅडम भेटल्या. सोळा वर्षांखालच्या मुलींचे निदान चार सामने कुठून बसवता येतील का, यावर ती दोघं तासभर बोलली, आणि पैशाशी येऊन अडली. ते काम अजून चालू आहे. होईलही कदाचित.

रामेश्वरला तो त्यानंतर दोनदा भेटला, एकदा बीडच्या दुकानात, एकदा बसस्टँडवर. दोन्ही वेळा पाऊसपाण्याचं बोलणं झालं. तो प्रश्न विरुपाक्षनं पुन्हा काढला नाही, पण दुसऱ्या कुठल्याही प्रश्नाचं उत्तर त्याला इतकं हवं आहे असं नाही: त्या वर्षी यादीत करिष्माचं नाव असतं, तर दसऱ्यानंतर दारात ट्रक येऊन उभा राहिला तेव्हा बाप तिला आजीजवळ ठेवून गेला असता का?